जुन्या कौलारू घराची दुरुस्ती : पैसा आधी कुठे घालावा?

२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. कोकणात वाडवडिलांचे घर असलेल्या, पण स्वतः मुंबई-पुण्यात राहणाऱ्या कुटुंबांना घराचे काम काढण्यासाठी हे एक चांगले निमित्त वाटणे स्वाभाविक आहे. करकपात खरी आहे, पण तिचा हिशेब मांडून पाहावा. कर वगळून ३०० रुपये किंमत असलेली गोणी पूर्वी ३८४ रुपयांना पडत असेल, तर आता ती ३५४ रुपयांना पडेल, म्हणजे गोणीमागे ३० रुपये वाचतील. दुरुस्तीला दोनशे गोण्या लागल्या तरी एकूण बचत ६,००० रुपयांची होते. कौले उतरवल्यावर एखादे आढे (छपराच्या माथ्याचे आडवे लाकूड) आतून पोखरलेले निघाले, तर त्याच्या लाकडाला आणि सुताराच्या मजुरीला याहून अधिक रक्कम सहज लागते.

जुन्या घराच्या दुरुस्तीत खर्च हाताबाहेर जातो तो सिमेंटच्या दरामुळे क्वचितच. घर उघडून न पाहता ठरवलेली रक्कम आणि चुकीच्या क्रमाने काढलेली कामे ही त्याची खरी कारणे आहेत, आणि दोन्ही टाळता येण्यासारखी आहेत.

अंदाजपत्रक कशाला म्हणावे

मेस्त्री घराभोवती एक फेरी मारतात, माजघरात उभे राहून वर पाहतात आणि ‘आठ लाखांत बसेल’ असे सांगतात. अनुभवी माणसाचा हा अंदाज पुष्कळदा फार चुकीचा नसतो, परंतु त्यावर पैशांची तजवीज करता येत नाही, कारण त्या आठ लाखांत काय आले आणि काय राहिले हे त्यातून कळत नाही. अंदाजपत्रकात प्रत्येक काम वेगळ्या ओळीत येते आणि त्यापुढे त्याचे मोजमाप, दर व रक्कम लिहिलेली असते. ‘छप्पर दुरुस्ती : तीन लाख’ ही ओळ पुरेशी नाही. किती वासे बदलायचे, ते कोणत्या लाकडाचे, कौलांखालच्या रिपा किती फूट, नवी कौले किती आणि जुनी उतरवून पुन्हा चढवायची किती, हे त्यात हवे.

मोजमापात ‘ब्रास’ हा शब्द सतत येतो. वाळू, खडी किंवा चिऱ्याचे (जांभ्याच्या घडीव दगडाचे) बांधकाम असेल तर एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. गिलावा, फरशी किंवा स्लॅब असेल तर एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दर ऐकताना तो कोणत्या ब्रासचा आहे हे विचारून घ्यावे. सार्वजनिक बांधकाम विभागाची राज्य दरसूची प्रसिद्ध झालेली असते. खासगी कामाचे दर तिच्याशी तंतोतंत जुळणार नाहीत, तरी आपल्याला सांगितलेला दर अवाजवी आहे का, एवढे त्यावरून नक्की ताडता येते. ठेकेदार नोंदणीकृत असेल तर बांधकाम ठेक्यावर सर्वसाधारणपणे १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. म्हणून सांगितलेली रक्कम करासह आहे की कर वगळून, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. शेवटी विचारला तर बराच उशीर झालेला असतो.

काम देण्याच्या प्रचलित पद्धती तीन. हजेरीवर म्हणजे रोजच्या मजुरीने. मजुरीवर म्हणजे साहित्य मालकाचे आणि कामाचा दर ब्रासमागे किंवा फुटामागे ठरलेला. उक्ते म्हणजे साहित्यासह सगळ्या कामाची एकच रक्कम. घरमालक गावातच राहत असेल तर माझ्या मते मजुरीवर काम देणे सर्वांत किफायतशीर, कारण साहित्याचा दर्जा त्याच्या डोळ्यांसमोर राहतो. महिन्यातून एकदा येणाऱ्या चाकरमान्याला ते झेपत नाही. त्याने उक्ते द्यावे, पण सिमेंट, सळई, लाकूड, वायर आणि नळ कोणत्या प्रतीचे हे लेखी घेऊन द्यावे. जुन्या लाकडाचे काम मात्र उक्ते देऊ नये. आत काय निघेल हे ठेकेदारालाही ठाऊक नसते, त्यामुळे तो एक तर भीतीपोटी जास्त रक्कम सांगतो किंवा कमी सांगून पुढे खराब वासा तसाच ठेवतो.

आधी उघडून पाहावे

आंब्याची पेटी घेताना जाणता माणूस वरचा थर उचलून खालचे फळ पाहतो. घराचे काम काढतानाही तसेच करावे. भिंतीत गेलेली वाशांची टोके, आढ्याचे सांधे, पन्हळीखालची भिंत, न्हाणीघराला लागून असलेली भिंत आणि जोत्यालगतचा पहिला थर, या ठिकाणी बिघाड बहुधा आधी होतो आणि दिसतो सर्वांत शेवटी. लाकडाला टोच्या लावून पाहावा. तो सहज आत गेला तर वाळवीने किंवा भुंग्याने आतून पोखरले आहे असे समजावे. नंतर जोडलेल्या संडास-न्हाणीघराला स्लॅब असेल तर खालून हातोडीने हलके ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर आतल्या सळया गंजून सिमेंट सुटू लागले आहे.

या पाहणीचा योग्य काळ मे महिना नव्हे. गणपतीला सगळे गावी आलेले असतात आणि पाऊसही चालू असतो. छप्पर नेमके कुठे गळते, कोणत्या भिंतीवर ओल किती उंच चढते, खळ्यातले, म्हणजे अंगणातले, पाणी कुठे तुंबते हे तेव्हाच दिसते. त्या दिवसांत फोटो काढून, भिंतीवर खडूने खुणा करून ठेवल्या आणि शक्य असेल तर स्थापत्य अभियंत्याला एक दिवस बोलावून फी देऊन पाहणी करून घेतली, तर दसऱ्यापर्यंत खरे अंदाजपत्रक हातात येते. अभियंत्याची फी हा अनेकांना वायफळ खर्च वाटतो, पण संपूर्ण कामात तिच्याइतकी परतफेड करणारी दुसरी बाब मला माहीत नाही.

पैशाने पाण्याची वाट धरावी

कोकणात वर्षाला साधारण अडीच ते साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून खर्चाचा क्रम पाण्याने ठरवावा. पाणी वरून येते, म्हणून छप्पर पहिले. छपरावरून ते खाली पडते, म्हणून पन्हळी आणि पागोळ्यांखालची जमीन दुसरी. तिथून ते जोत्याकडे वळते, म्हणून खळ्याचा उतार आणि गटार तिसरे. यानंतर भिंती, मग वीज आणि नळ, आणि सर्वांत शेवटी फरशी, रंग व स्वयंपाकघराचे कपाट-ओटे.

प्रत्यक्षात हा क्रम बहुधा उलटा होतो, आणि त्यामागची भावना समजण्यासारखी आहे. लग्न किंवा गणपती तोंडावर असतो, पाहुणे येणार असतात, आणि दिसणारे काम आधी व्हावे असे वाटते. परंतु गळक्या छपराखाली लावलेल्या रंगाचे पोपडे पहिल्याच पावसाळ्यात निघतात, आणि पुढे वासे बदलण्यासाठी माणसे वर चढली की नवी फरशी खाली फुटते. तेच काम दोनदा करावे लागते आणि पैसेही दोनदा मोजावे लागतात.

समजा, हाताशी दहा लाख रुपये आहेत. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, प्रत्येक घराचे वेगळे असतील. त्यातले दोन लाख राखीव म्हणून बाजूला काढले तर कामासाठी आठ लाख उरतात. छपराला साडेतीन, पाण्याचा निचरा आणि जोत्याला एक, भिंतींना दीड, वीज व नळाला एक असे धरले, तर फरशी आणि रंगाला एक लाख राहतो. एवढ्यात सगळ्या घराला फरशी होणार नाही. मग ओटी आणि माजघर यंदा, पडवी पुढच्या वर्षी असे ठरवावे. छपराच्या साडेतीन लाखांना हात लावू नये.

भिंतींबद्दल थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण इथे चांगल्या हेतूने नुकसान होते. जांभा सच्छिद्र असतो; तो ओल शोषतो आणि हवा लागली की सोडतो. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते व आतल्या बाजूने फुटून निघते. चिरा चांगला असेल तर उघडा ठेवून फक्त दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरून घ्याव्यात, किंवा चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी करावी. उघडा ठेवणे स्वस्तही पडते. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मात्र आता शोधावा लागतो, ही अडचण खरी आहे.

विजेच्या कामात काटकसर करू नये. ओल्या भिंतीतली जुनी वायर जीवघेणी असते. नवे अर्थिंग आणि गळती होताच वीजप्रवाह तोडणारा आरसीसीबी या दोन्हींचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूण आणि महाडमध्ये घराघरांत पाणी शिरले होते. अशा भागात बटनांचे बोर्ड नवे बसवताना जास्त उंचीवर घ्यायला जवळजवळ काहीच जादा पैसे लागत नाहीत. तेच काम भिंती रंगवून झाल्यावर केले तर महाग पडते.

‘एकदाचा स्लॅब टाकला की कटकट मिटेल’

दर वर्षी शाकारणी (कौले उतरवून पुन्हा नीट बसवणे), माकडांनी फोडलेली कौले, वाळवी, आणि वर चढणारा माणूस मिळत नाही. या सगळ्याला कंटाळून स्लॅबचा विचार मनात येतो, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही. परंतु खर्च मांडताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात.

पहिली वजनाची. पाच इंच जाडीच्या स्लॅबचे वजन १०० चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, सुमारे तीन टन होते. कौलांचे छप्पर त्याच्या तुलनेत फारच हलके असते. मातीत बांधलेल्या जुन्या चिऱ्याच्या भिंती हे वजन पेलतील असे गृहीत धरता येत नाही. बहुतेक घरांत पाया खणून खांब उभारावे लागतात आणि दुरुस्ती म्हणून काढलेले काम नव्या बांधकामाच्या खर्चावर जाते.

दुसरी खाऱ्या हवेची. समुद्रालगत हवेतला क्षार काँक्रीटमध्ये झिरपतो आणि सळईला गंज चढवतो. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. म्हणूनच भारतीय मानक आयएस ४५६ (सन २०००) किनारी वातावरणाला ‘तीव्र’ वर्गात धरते आणि सळईवर किमान ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण व किमान एम-३० प्रतीचे काँक्रीट सांगते. गावातल्या लहान कामांत इतके आवरण सहसा ठेवले जात नाही. खाडीची रेती न धुता वापरली तर क्षार आधीपासूनच आत जातो. तेव्हा स्लॅब करायचाच असेल तर या अटी पाळून येणारा खर्च धरावा. त्या न पाळता केलेला स्लॅब किनाऱ्यावर लवकर खराब होतो, आणि त्याची दुरुस्ती कौलांपेक्षा कितीतरी अवघड असते.

पत्र्याचा पर्याय स्वस्त आणि जलद आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत असंख्य घरांची छपरे उडाली. त्यात कौलेही होती आणि पत्रेही. छपराची सामग्री कोणती, यापेक्षा ते भिंतीला आणि वाशांना किती घट्ट बांधले आहे, हे वाऱ्यात महत्त्वाचे ठरते. म्हणून पत्रा असो वा कौल, बांधणीचे बोल्ट, पट्ट्या आणि गंज न चढणारे स्क्रू यांची वेगळी ओळ अंदाजपत्रकात असावी. लाकडाऐवजी लोखंडी सांगाडा घेतला तर वाळवीची चिंता जाते, पण खाऱ्या हवेत तो ठरावीक वर्षांनी खरवडून रंगवावा लागतो. तो पुढचा खर्चही आजच धरावा.

हंगाम आणि वाहतूक

कामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मेअखेर संपतो. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांनाच घाई असते. तेव्हा मजुरी चढते, माणसे मिळत नाहीत आणि विहिरीही तळ गाठतात. सिमेंटच्या कामाला पाणी मारणे अनिवार्य आहे. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि सध्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस ते ओले ठेवावे लागते. विहीर आटली असेल तर टँकर आणावा लागतो आणि त्याचे पैसे बहुतेक अंदाजपत्रकांत धरलेलेच नसतात. पाण्याची कामे जानेवारी-फेब्रुवारीत उरकावीत आणि छप्पर मार्चअखेरपर्यंत झाकून घ्यावे.

कोकणात आणखी एक खर्च असा आहे की बाहेरून आलेल्या ठेकेदाराला तो लक्षातही येत नाही. ट्रक रस्त्यापर्यंतच येतो आणि घर पाखाडीने, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेने, खाली किंवा वर असते. प्रत्येक चिरा आणि प्रत्येक गोणी डोक्यावरून न्यावी लागते. ही वाहतूक कोणी करायची आणि कोणत्या दराने, हे आधीच लिहून घ्यावे. यावरून काम अर्ध्यात थांबण्याचे प्रकार घडतात.

‘राखीव ठेवले की ते खर्च होणारच’

हा आक्षेप रास्त आहे. ठेकेदाराला राखीव रक्कम कळली तर कामे त्या रकमेपर्यंत वाढत जातात. म्हणून ती त्याला सांगू नये आणि वेगळ्या खात्यात ठेवावी. नव्या बांधकामाला दहा टक्के राखीव पुरेल. जुन्या मातीच्या आणि लाकडाच्या घराला मी वीस टक्क्यांहून कमी सुचवणार नाही. तिला हात लावण्याची अट एकच असावी : उघडल्यावर सापडलेला, आधी न दिसलेला बिघाड. जादा महाग फरशी आवडली म्हणून राखीव मोडू नये.

कर्ज घ्यावे का

पाच लाखांचे कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १०,३८० रुपये येतो आणि एकूण व्याज सव्वा लाखाच्या आसपास जाते. तेच दहा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ६,३३० रुपयांवर उतरतो, पण व्याज २ लाख ६० हजारांवर चढते. वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर जवळजवळ दोन लाख व्याज द्यावे लागते. म्हणून घर तारण ठेवून मिळणारे दुरुस्ती-कर्ज आधी पाहावे. सामाईक घरावर बँका ते सहज देत नाहीत, आणि अनेकांना नाइलाजाने वैयक्तिक कर्जाकडे वळावे लागते. त्यापेक्षा काम दोन हंगामांत विभागणे मला अधिक शहाणपणाचे वाटते : पहिल्या वर्षी छप्पर आणि निचरा, दुसऱ्या वर्षी उरलेले.

करसवलतीवर फार भिस्त ठेवू नये. स्वतःच्या वापरातील घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तरच. नेहमी ऐकू येणारी दोन लाखांची मर्यादा घराच्या खरेदीला आणि नव्या बांधकामाला आहे.

‘मेस्त्री ओळखीचे आहेत, कागद कशाला?’

ओळख टिकावी म्हणूनच कागद करावा. त्यात कामांची यादी, दर, साहित्याची प्रत, मुदत आणि हप्ते असले की पुरे. आगाऊ रक्कम साहित्य आणण्यापुरती द्यावी, आणि पुढचे हप्ते दिवसांवर न बांधता मोजलेल्या कामावर बांधावेत : वासे चढले की एक, कौले चढली की दुसरा, याप्रमाणे. जादा काम निघाले तर ते सुरू होण्यापूर्वी त्याचा दर फोनवरच्या संदेशात तरी लिहून घ्यावा. पाच ते दहा टक्के रक्कम पहिला पाऊस होईपर्यंत रोखून ठेवावी आणि हे सुरुवातीलाच सांगावे. आपल्या कामावर विश्वास असलेले मेस्त्री याला सहसा नकार देत नाहीत.

बांधकाम व्यावसायिकांसाठी असलेला रेरा कायदा स्वतःच्या घराच्या अशा दुरुस्तीला उपयोगी पडत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र घरबांधणीला ‘सेवा’ मानतो. तक्रारीची वेळ आलीच तर तोच कागद आणि त्याच पावत्या कामी येतात.

परवानगी आणि सामाईक घर

समुद्राजवळच्या घरांना सागरी नियमन क्षेत्राचे, म्हणजे सीआरझेडचे नियम लागू होतात. ना-विकास पट्ट्यातल्या अधिकृत जुन्या घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण आहे तेच जोते, तेवढेच चटई क्षेत्र आणि तीच घनता ठेवून. पर्यटकांसाठी मागे दोन खोल्या वाढवणे दुरुस्तीत बसत नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घराची नोंद आणि क्षेत्र बरोबर आहे का, हे काम काढण्यापूर्वी तपासावे आणि भिंती नव्याने उभारायच्या असतील तर परवानगीची चौकशी लेखी करावी.

कोकणातल्या दुरुस्त्या पैशांपेक्षा हिश्श्यांवरून जास्त अडतात. घर आजोबांच्या नावावर, वारस पुष्कळ, एक भाऊ गावी, बाकीचे मुंबईत, आणि खर्च करायला तयार एकटाच. अशा वेळी एकट्याने केलेल्या खर्चामुळे त्याचा हिस्सा आपोआप वाढत नाही, हे स्पष्टपणे समजून घ्यावे. काम काढण्यापूर्वी सर्व सहहिस्सेदारांचे संमतीपत्र घ्यावे, आणि त्यात कोण किती देणार, न देणाऱ्याने पुढे कधी व कसे भरायचे आणि घराचा वापर कसा राहील हे लिहावे. सगळ्यांचे एकमत होत नसेल, तर छप्पर आणि निचरा एवढ्याच कामांसाठी संमती मागावी. घर पडू नये असे सर्वांनाच वाटते, त्यामुळे एवढ्या कामाला विरोध क्वचित होतो. फरशीचा रंग आणि नव्या खोल्यांची चर्चा वाटणीपत्र होईपर्यंत थांबू शकते. खर्चाची वही एकाने ठेवावी, पावत्यांचे फोटो त्याच दिवशी सर्वांना पाठवावेत आणि गणपतीला सगळे जमले की ती वही एकदा मोठ्याने वाचून सर्वांच्या सह्या घ्याव्यात.